एक बाटली जास्त

"बाटली फोडलीस तूच, आणि वर तोंड करून बोलतेस?" सुपरवायझर ओरडला.

"साहेब, फुटली असती तर काचा पडल्या असत्या की!" मावशीचा आवाज पार बसला होता. सकाळपासून उभं राहून तिचे पाय सुजून खांब झाले होते.

सुट्टीत मावशीकडे राहायला आलेली भावंडं, लंबू आणि त्याची बहीण खार, तिचा डबा घेऊन बाटल्यांच्या कारखान्यात आली होती. दोघं दारातच थबकली.

सरकत्या पट्ट्यावरून धुतलेल्या बाटल्या येत. वाटेत एक लाल दिवा होता. त्याच्यासमोरून बाटली गेली, की भिंतीवरचा आकडा एकाने वाढे. पुढे मावशी त्या बाटल्या खोक्यांत भरे. अख्ख्या ऑर्डरचा आकडा झाला होता २,१५,७४९. खोक्यांत मात्र एक कमी!

"काच कुठल्या खोक्यात गेली कोण जाणे! सगळी खोकी उघड, एकेक बाटली तपास. जमत नसेल तर उद्यापासून घरी बस!"

मावशी मटकन खाली बसली. डब्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

खार आकड्याकडे टक लावून पुटपुटली, "दोन नि एक तीन, नि पाच आठ... अठ्ठावीस! लंब्या, नवाने भागलं तर एक उरतो!"

"सुट्टीतपण गणित? कंटाळा आलाय गं!"

"अरे ठोंब्या, ते धुवायला आलेले क्रेट बघ! एकात नऊच बाटल्या. मावशी, अर्धाच भरलेला क्रेट कधी धुवायला जातो का?"

"छे! क्रेटची नऊही घरं भरल्याशिवाय धुण्याचं मशीन चालूच होत नाही."

"मग आकड्याला नवाने भाग जायलाच हवा!"

"ए दीडशहाणे!" सुपरवायझर गरजला. "धुताना एखादी फुटली असेल!"

"मग आकडा कमी आला असता. इथे तो एकाने जास्त आहे! दिव्यासमोरून बाटली नसलेलं काहीतरी गेलंय!"

आरडाओरडा ऐकून मालकीणबाई ऑफिसातून आल्या. "काय गोंधळ आहे?"

"पोरं डोकं खातायत, बाई." सुपरवायझरने चहाचा शेवटचा घोट घेतला. त्याचे गुडघे धरलेले, आणि कप धुवायचं बेसिन पट्ट्याच्या पार त्या टोकाला. बोलता बोलता त्याने रिकामा कप सरकत्या पट्ट्यावर ठेवून दिला. कप डुलत डुलत लाल दिव्याकडे निघाला...

टिक्! २,१५,७५०!

"आता दोन उरले!" खार किंचाळली.

"साहेब, सकाळीपण चहा प्यायला होतात ना?" लंबूने विचारलं.

सुपरवायझरचा चेहरा पडला. मालकीणबाईंनी कप उचलला. "सकाळचाही असाच पाठवलात?"

"गुडघे, बाई..."

"खोकी उघडायची नाहीत! आणि आधी हिची माफी मागा."

सुपरवायझरने मान खाली घालून हात जोडले. मालकीणबाईंनी खारीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गं पोरी! ऑफिसात चल, हे नवाचं मला नीट समजावून सांग."

खारीने मागे पाहिलं. मावशी खोक्याला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. लंबू तिच्या पायात हळूच चपला सरकवत होता.

"नंतर सांगते, बाई. मावशीला घरी न्यायचंय. निघतो आम्ही."