मागांच्या खडखडाटातलं बोलणं

ऐन शूटिंगच्या दिवशी चंद्रिकाच्या हिरोनं दांडी मारली, म्हणून तिला नंदीश सापडला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, कानाला हेडफोन लावून तो यंत्रमागांचा आवाज रेकॉर्ड करत होता. तिच्याच शॉर्टफिल्मला संगीत देणारा मंगळवेढ्याचा पोरगा... पण आजवर ओळख फक्त फोनवरची. डोळे मात्र असे बोलके, की तिनं त्याला सरळ कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

फिल्मची नायिका, दिग्दर्शक, कॅमेरा सगळं चंद्रिकाच. रुसलेल्या नायिकेला नायक मागांच्या खडखडाटात मनातलं सांगतो, असा प्रसंग. काय बोलू, त्यानं विचारलं. काहीही बोला, ऐकू थोडंच येणार, वर व्हायोलिन घालू, ती म्हणाली. मग तो कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलला, आणि कॅमेऱ्यामागे तीच उभी होती, फोकस सांभाळण्यात गुंतलेली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो भवानी पेठेतल्या तिच्या स्टुडिओत नवी चाल घेऊन यायचा. आणि रोज भांडण! तिचा एडिटिंगचा हात लग्नाच्या व्हिडिओंवर बसलेला. डोळा लवतो न लवतो तोच कट. तो म्हणायचा, जरा दम धरा की, चेहरा तर बघू द्या. एक दिवस त्यानं व्हायोलिनच काढून टाकलं. नुसते माग वाजू द्या, शॉट तोडू नका, म्हणाला आणि गेला.

तिनं शॉट अख्खा लावला, आणि अंगावर काटाच आला. तिची आई सिद्धम्मा त्याच कारखान्यात कामाला. मागांच्या आवाजात कानांचा उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, त्यांची पोरंही घरबसल्या शिकतात. धान्याच्या दुकानात वाढलेल्या नंदीशला हे कुठून माहीत असणार? पडद्यावर तो चक्क विचारत होता — "पिक्चर संपल्यावर कुठलं निमित्त काढून येऊ हो तुमच्याकडं?"

चंद्रिकानं खुर्चीतच एक गिरकी घेतली. मग एकदम आठवलं, रविवारी फिल्म कारखान्यातल्याच लोकांपुढे दाखवायची होती. सगळा हॉल त्याच्या मनातलं वाचणार. बरं, शॉट कापावा तर फिल्मचा जीवच जाणार.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सगळं सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"कापू का?" तिनं विचारलं.

त्यानं शॉट पुन्हा एकदा लावला.

"ठेवा," तो म्हणाला. "खरंच हाय ते... पण नायिकेचं उत्तर कुटं हाय पिक्चरमधी?"

उत्तर नव्हतंच. मग त्याच दुपारी कारखान्यात तिनं कॅमेरा त्याच्या हातात दिला आणि मागांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं कॅमेऱ्यात बघितलं... आणि बोलली.

आधी सिद्धम्मानं कामातून मान वर केली आणि तोंडाला पदर लावला. मग शेजारची हसली, मग सगळी ओळच. नंदीश तेवढा कॅमेरा खाली करून खुळ्यासारखा सगळ्यांची तोंडं बघत होता.

चंद्रिका जवळ गेली, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा म्हणाली.

"निमित्त कशाला रे? तू नुसता ये."