दोन नंबरची गाडी

"मावशी चुकलेली नाही म्हणजे नाही! मी तिच्या शेजारीच बसले होते!" ठमी तणतणली.

"नुसतं ओरडून काय होणार? पुरावा आण," वकील म्हणाला. वकील म्हणजे मावशीचाच मुलगा. ऊठसूट वाद घालायचा, म्हणून हे नाव. पण आज त्याचंही तोंड उतरलं होतं.

मावशी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. आठवडाभर रोज कुणीतरी भांडायला येई. चुकीचा फलाट सांगितला, गाडी गेली! एका आजींची तर दवाखान्याची वेळ हुकली. "उद्यापासून माइक दुसऱ्याकडे," स्टेशनमास्तरांनी सांगून टाकलं. मावशीला घास गोड लागेना.

ठमी, वकील आणि शेजारचा लंबू पुलाच्या जिन्यावर ठाण मांडून बसले. खाली एकच लांब फलाट. त्याची डावी कड दोन नंबर, उजवी तीन.

"शहराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे," मावशीचा आवाज आला. ऑफिसवाले मान वर न करता डावीकडे वळले. सूटकेसवाले एक काका मात्र थबकले, वर पाहिलं आणि चालले उजवीकडे!

"अहो काका, इकडे! पळा!" लंबूने त्यांची सूटकेसच उचलली.

"पण पाटी तर तिकडे जा म्हणते!" काका गाडीत चढता चढता ओरडले.

तिघांनी वर पाहिलं. दोनचा बाण उजवीकडे! आणि रंग नवा कोरा!

"रंगाऱ्यांनी पाटी फिरवून टांगली!" ठमीने उडीच मारली. "रोजची माणसं पाटी वाचतात कुठे? फसतात ते नवे!"

तिघांनी धावत जाऊन सांगितलं, तर स्टेशनमास्तर उखडले. "काहीतरीच! रंगकाम मी स्वतः पाहिलंय. डोळे मिटून फिरेन मी या स्टेशनात!"

'तिथेच तर घोळ झालाय!' ठमीने जीभ चावली.

वकील साळसूदपणे म्हणाला, "साहेब, एकदाच पाहुणे व्हा. पाय नेतील तिकडे नाही, पाटी सांगेल तिकडे जायचं. दोन नंबरची गाडी पकडून दाखवा!"

"हात्तिच्या! एवढंच?" मास्तर हसत जिना उतरले, पैजेच्या नादात नुसता पाटीवरचा बाण बघून उजवीकडे वळले आणि हात मागे बांधून ऐटीत उभे राहिले. गाडी धडधडत आली, ती त्यांच्या पाठीमागे! ते वळेपर्यंत दारं बंद झाली आणि गाडी निघूनही गेली.

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "शिडी आणा रे!" ते गरजले आणि तडक मावशीच्या खोलीत शिरले. मावशी सामान आवरत होती. मास्तरांनी माइक पुढे ओढला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. आठवडाभर घोषणा बरोबर होती, पाटी चुकीची होती. ती मी तपासली नाही. घोषणा करणाऱ्या बाईंची मी सगळ्यांदेखत माफी मागतो. आणि ही चूक पकडणाऱ्या तीन पोरांना शाबासकी देतो!"

फलाटावर टाळ्या पडल्या. वकिलाने तर चक्क वाद न घालता मास्तरांशी हात मिळवला.

"तुम्ही होतात म्हणून रे!" मावशीने तिघांना जवळ ओढलं. मग डोळे पुसून ती माइकसमोर बसली. "फलाट क्रमांक तीनवर..." आवाज इतका भरून आला, की तिला घोषणा पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.