पिल्लांचा घास

१९७४ च्या डिसेंबरात रेवणसिद्धांनी रत्नागिरीहून बोय माशाची नुकती जन्मलेली पिल्लं आणली. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. समुद्राचा मासा सोलापुरात वाढवून दाखवायचा, हा त्यांचा ध्यास. सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत त्यांनी काचेची टाकी मांडली, खारं पाणी कालवलं. घरात दुसरं लेकरू नव्हतं.

बायको चंद्रव्वा अक्कलकोटकडची. समुद्र कधी न पाहिलेली. जन्मात अंड्याला न शिवलेली ही बाई पिल्लांसाठी वेगळ्या स्टोव्हवर अंडं उकडायची, बलक मलमलीतून गाळून थेंब थेंब सोडायची. पिल्लं तोंड लावत नव्हती. रेवणसिद्धांनी तिला समजावलं, की जन्मतः पोटाशी असलेली शिदोरी तीन दिवसांत संपते; मग त्या सुईच्या टोकाएवढ्या तोंडात मावेल असं जितंजागतं काही लागतं, समुद्रातलंच. ते इथं कुठून आणायचं?

"उपाशी कशी मरू द्यायची?" एवढंच ती म्हणाली, आणि त्या दुपारी टाकीपाशीच चटईवर आडवी झाली.

मग ती रोज तिथंच झोपू लागली. आठवडा गेला. बलक तळाशी तसाच साचायचा, आणि पिल्लांची पोटं मात्र टम्म. एक पिल्लू जाळीत सापडून मेलं, ते रेवणसिद्धांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पोट समुद्रातल्या बारीक जीवांनी भरलेलं होतं. टाकीच्या पाण्यात त्यातला एकही सापडला नाही.

शनिवारी ते लवकर घरी आले. चंद्रव्वा झोपली होती. पावलं घोट्यापर्यंत ओली, बोटांच्या बेचक्यांत बारीक काळी वाळू. त्यांनी पंच्यानं ती हलकेच पुसली. ती जागी झाली, लाजली.

"कुठं गेली होतीस?"

"कुटं न्हाय. हितंच डोळा लागला की."

दोन महिन्यांत पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली. आता त्यांना मोठं खाणं लागेल, असं ते जेवताना सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

चार दिवसांनी कमरेपर्यंत.

ते घाबरले. पिल्लं परत समुद्रात सोडायची ठरली. चंद्रव्वा रडली नाही. प्रत्येकाकडे डोळे भरून बघत म्हणाली, "जपून ऱ्हावा."

त्यांनी पिल्लं रत्नागिरीच्या खाडीत सोडली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. टाकी घासून पालथी घातलेली. चंद्रव्वा चटईवर शांत झोपलेली. दारात ऊन पडलं होतं.

ते शेजारी बसले. पदर ओला होता. खांदा ओला होता. वेणीच्या टोकातून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

ती झोपेत हसत होती.

त्यांनी तिचा हात घट्ट धरला. तिनंही त्यांचा धरला, मायेनं, आणि हळूच ओढला.