नऊची नोंद

मर्व्ह नॅनकिव्हेलला संगणकाचा गंध नव्हता आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. पेरणी कधी धरायची, कुठली मेंढी आजारी आहे, पाण्याचा पंप कशानं रुसलाय, हे त्याला बघताक्षणी कळायचं. संगणक हे ऊनाचं खातं होतं. मार्चमध्ये ऊना गेली आणि ते खातं त्याच्या गळ्यात पडलं.

मर्डिंगा गावाच्या पुढे, रेल्वेच्या जुन्या रुळांपासून चार किलोमीटर आत त्यांचं शेत होतं. घरासमोर तारेच्या चौकोनात एक पर्जन्यमापक उभा होता. जस्ताचा डबा, त्यावर नरसाळं, आत बाटली, बस्स. रोज सकाळी नऊला ऊना काचेचं मोजपात्र घेऊन जायची, पाणी मोजायची आणि येऊन आकडा संगणकात लिहायची. संगणक तो हवामान खात्याला धाडायचा. एकतीस वर्षं हे चाललं होतं. तापात, सणासुदीला, मेंढ्यांची लोकर कापणारी माणसं जेवणाची वाट बघत बसलेली असतानाही ती नऊ वाजले की उठायची. मर्व्ह तिला चिडवायचा, की घर पेटलं तरी तू आधी पाऊस मोजशील. ती म्हणायची, पेटलं तर मोजायलाच हवा.

मेच्या सुरुवातीला खात्याचं पत्र आलं. भाषा अगदी मऊ होती. दोन महिने आपल्याकडून नोंद आलेली नाही, अडचण असल्यास कळवावं, महिनाअखेरपर्यंत काही न आल्यास हे केंद्र बंद समजण्यात येईल. मर्व्हनं ते उभ्याउभ्या वाचलं आणि लोण्याच्या भांड्याखाली ठेवून दिलं. ऊनाचं बाकी सगळं संपलं होतं, हेही संपू द्यायचं नाही, एवढंच त्याला समजत होतं.

पाऊस तो मोजत होता. दफनानंतरच्या आठवड्यापासून रोज नऊला जाऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडा टाकत होता. पण कॅलेंडर काही खात्याला धाडता येत नव्हतं.

मग मदतीचा शोध सुरू झाला. कमिन्स गावातल्या संगणकाच्या दुकानदाराला त्यानं फोन केला. ऊनानं यंत्रात लिनक्स नावाची प्रणाली घातलीय म्हटल्यावर तो म्हणाला, त्यातलं आम्हाला काही कळत नाही, काका. वाचनालयात मंगळवारी ज्येष्ठांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला प्रेमानं बिस्किटं दिली आणि इथे दुसरीच प्रणाली शिकवतात असं सांगितलं. एका मदतकेंद्राच्या फोनवर त्यानं चाळीस मिनिटं गाणी ऐकली. शेवटी ऊनाच्या टेबलाच्या खणात त्याला एक कार्ड सापडलं. एका बाजूला पासवर्ड होता. दुसऱ्या बाजूला, तिच्या उभ्या अक्षरात: "अडलं तर ग्लेनिस." खाली नंबर.

ग्लेनिस शुल्झ ही पोर्ट लिंकन शहरातली निवृत्त नर्स. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथल्या एका हॉलमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचा गट जमायचा, एकमेकांची यंत्रं दुरुस्त करायचा, नवख्यांना शिकवायचा. ऊना अकरा वर्षं तिथे जात होती. मर्व्हच तिला गाडीनं न्यायचा. पण आत कधी गेला नव्हता. बाहेर गाडीत बसून फुटबॉल ऐकायचा. निघायची वेळ झाली की इंजिन चालू करून वाट बघायचा, कारण ऊनाचा निरोप घेणं दहा मिनिटं चालायचं. आत काय होतं हे त्यानं अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आता ते त्याला सलत होतं.

"तुम्ही म्हणजे गाडीत बसणारा मर्व्ह ना?" ग्लेनिसनं फोनवर विचारलं.

तो ओशाळून हो म्हणाला. दुसऱ्या मिनिटाला ती अरेतुरेवर आली आणि त्याला बरं वाटलं.

पहिला धडा त्याच दिवशी झाला. ती एकेक अक्षर सांगायची, तो एका बोटानं शोधून दाबायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची.

"आता मध्ये जागा सोड."

"किती?"

"एक, मर्व्ह. पेरणी नाही करायची."

तो हसला. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं. मग त्यानं शेवटची कळ दाबली आणि नोंदवही उघडली. पाच रकाने होते: तारीख, वेळ, मिलिमीटर, मोजणाऱ्याची आद्याक्षरं, शेरा. शेवटची नोंद एक मार्चची असायला हवी होती. दोनला ऊना इस्पितळात गेली होती.

दोन मार्चपासून वीसपर्यंत एकोणीस जागा कोऱ्या होत्या. शून्य नव्हे, कोऱ्या. नवखे लोक इथेच चुकतात, घरी नव्हतो त्या दिवसांना शून्य लिहून टाकतात. ऊनाला याचा भयंकर राग यायचा. मोजलं नाही म्हणजे पडला नाही असं होतं का, म्हणायची. गैरहजेरीचे दिवस कोरे सोडायचे आणि परत आल्यावर साठलेलं सगळं पाणी एकत्र मोजून लिहायचं, असा नियम होता. एकवीस मार्चला २२.६ लिहिलं होतं. शेरा होता, "वीस दिवसांचा एकत्र." आणि त्यापुढे रोजची नोंद होती, आज सकाळपर्यंत. आद्याक्षरं ऊ. नॅ.

मर्व्हनं उठून कॅलेंडर काढून आणलं. एकवीस मार्च, पेन्सिलीनं: २२.६. पुढचा प्रत्येक आकडा दशांशापर्यंत जुळत होता.

त्यानं ते फोनवर ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, ऊना हुशार होती, मोजणारं एखादं उपकरण लावून ठेवलं असेल, यंत्र आपोआप लिहीत असेल. मर्व्ह बाहेर जाऊन आला. डबा, नरसाळं, बाटली. वायर नव्हती. मग ती म्हणाली, बाहेरून कुणीतरी लिहीत असेल, इंटरनेटची तार काढ. त्यानं काढली. दुसऱ्या दिवशी नोंद होती. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीतला खटकाच बंद ठेवला आणि साडेनऊला चालू केला. नोंद होती, वेळ नऊ.

ग्लेनिसनं त्याला आपोआप चालणाऱ्या कामांची यादी बघायला शिकवलं. यादी रिकामी होती. वहीला कोण कधी हात लावतं ते बघायला शिकवलं. तिथे ऊनाचं नाव होतं, रोज, नऊ. मर्व्ह ते सगळं भराभर शिकला. ग्लेनिस म्हणाली, भीती असली की माणूस लवकर शिकतो. त्याला भीती वाटत नव्हती. त्याला सकाळची वाट बघावीशी वाटत होती, आणि ते तिला सांगायची त्याला लाज वाटत होती.

बुधवारी आभाळ निरभ्र होतं. पावणेनऊला मर्व्हनं चहाचा मग नळाखाली भरला आणि त्यातलं पाणी नरसाळ्यात ओतलं. आजूबाजूला बघितलं. कुंपणाच्या तारेवर दोन गलाह पोपट बसले होते, दुसरं कुणी नव्हतं. नऊला मोजलं तर ४.२ भरलं. त्यानं हे कॅलेंडरवर लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आत जाऊन वही उघडली.

०.०. ऊ. नॅ. शेरा: "नळाचं पाणी. मर्व्ह, पुरे."

तो मोठ्यानं हसला. मग खुर्चीत बसून रडला, दुपारपर्यंत.

त्या संध्याकाळी ग्लेनिसचा फोन आला. नोंदी आहेत हे ठीक, पण त्या खात्याकडे पोचत नव्हत्या. तिनं शोध घेतला होता. ऊनाच्या लिनक्सची आवृत्ती फार जुनी झाली होती, तिची डागडुजी आता कुणी करत नव्हतं आणि खात्याचं यंत्र तिचं काही घेत नव्हतं. यंत्र पूर्ण पुसून नवं बसवायला हवं. येत्या शनिवारी घेऊन ये, आपण दोघं बसू, तुला सगळं शिकवते, म्हणाली.

"पुसलं की काय जातं?" मर्व्हनं विचारलं.

"नोंदी मी आधी पेनड्राइव्हवर काढून घेईन. त्या राहतील."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं जातं, मर्व्ह."

त्यानं विचार करून सांगतो म्हटलं. तीन दिवस त्यानं विचार केला. पुसलं नाही तर केंद्र बंद होणार, एकतीस वर्षं तिथेच तुटणार. पुसलं तर सकाळी नऊला उघडून बघायला काही उरणार नाही. लोण्याच्या भांड्याखालच्या पत्रावर तेलकट गोल उमटला होता. शनिवारी पहाटे त्यानं यंत्राची तार काढली, ते ऊनाच्या लोकरीच्या पांघरुणात गुंडाळलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

आठला तो निघाला. म्हणजे नऊची नोंद चुकणार होती. पर्जन्यमापकाजवळून जाताना त्यानं तिकडे बघायचं टाळलं.

कारकू गावाच्या अलीकडे गाडी किणकिणायला लागली. पट्टा लावला नसला की ती अशी किणकिणते. त्याचा पट्टा लावलेला होता. शेजारच्या सीटचा लाल दिवा लागला होता. त्यानं सीटवर हात फिरवला, काही नव्हतं. दोन किलोमीटर त्यानं कळ काढली. डोकं उठलं तेव्हा गव्हाच्या कोठारांशी गाडी थांबवली, वाकून शेजारचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवर लावून टाकला. शेवटच्या महिन्यांत ऊनाच्या बोटांत जोर नव्हता, तेव्हा तोच लावायचा. सवयीनं त्यानं तो नीट आवळला. किणकिण थांबली. घड्याळात नऊ वाजले होते.

हॉलमध्ये आठदहा माणसं होती. कुणी यंत्राची पाठ उघडून बसलं होतं, कुणी स्कोन, म्हणजे खजूर घातलेले छोटे गोड पाव, मांडत होतं. ग्लेनिस उंच, पांढऱ्या केसांची, हातात टॉर्च घेतलेली. तिनं त्याला एका खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. ही ऊनाची जागा, म्हणाली. तिथून बाहेर लावलेली त्याची गाडी दिसत होती. अकरा वर्षं ती इथून त्याच्याकडे बघत होती तर.

ग्लेनिसनं यंत्र जोडलं. पासवर्ड मर्व्हनं घातला. वही त्यानंच उघडली, एकही चूक न करता.

आजची ओळ होती. मिलिमीटरची जागा कोरी. वेळ नऊ. आद्याक्षरं ऊ. नॅ. शेरा ग्लेनिसनं हळू आवाजात वाचला.

"गाडीत होते. पट्टा फार आवळलाय."

तिनं मागच्या तारेकडे बघितलं. मग पांघरुणाकडे बघितलं. "सकाळी हे कुठे जोडलं होतंस?"

"कुठेच नाही. मागच्या सीटवर होतं."

"मग हे कुणी लिहिलं?"

मर्व्हनं पांघरुणाची घडी घातली. पलीकडे कुणीतरी चहासाठी पाणी ठेवलं.

तिनं नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या, दोनदा तपासल्या. मग पडद्यावर प्रश्न आला. सगळं पुसायचं का? हो की नाही?

"तू सांगशील तसं करू," ती म्हणाली. "नाही म्हणालास तर मी हे असंच गुंडाळून देते."

मर्व्ह म्हणाला, "तिची नोंद खात्याला पोचली पाहिजे. नाही पोचली तर ती मला माफ करणार नाही." आणि एका बोटानं त्यानंच कळ दाबली.

पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मागची भिंत. बाकी काही नाही. इतकं एकटं त्याला दफनाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुपारी दोनपर्यंत नवी प्रणाली बसली. ग्लेनिसनं नोंदी परत आत टाकल्या. पाठवायचं कसं ते त्याला तीनदा शिकवलं, चौथ्यांदा त्यानं एकट्यानं केलं. पलीकडून उत्तर आलं: मिळालं, एकतीस वर्षं, खंड नाही. गटानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्याच्यासाठी स्कोन बांधून दिले. उद्या दोन दिवसांचं पाणी एकत्र मोज, ग्लेनिस म्हणाली, आणि शून्य लिहू नकोस. मला ठाऊक आहे, तो म्हणाला.

त्यानं यंत्र मागच्या सीटवर ठेवलं. पुढे बसला. शेजारच्या सीटवरचा पट्टा सकाळपासून तसाच, रिकाम्या जागेला करकचून बांधलेला होता. त्यानं तो सोडला. मग इंजिन चालू केलं.

काहीच वाजलं नाही.

दारात ग्लेनिस हात हलवत उभी होती. तो निघत का नाही हे तिला कळेना. त्यानंही हात हलवला, पण गाडी हलवली नाही. रेडिओ बंद केला आणि बसून राहिला.

पाच मिनिटं गेली. आठ गेली.

ग्लेनिस आत वळली. वळता वळता थबकली, कुणाला तरी वाट द्यावी तशी दारात बाजूला झाली, आणि मग नुकताच कुणी दाबला असावा तसं स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली.

दहाव्या मिनिटाला गाडी किणकिणली.

मर्व्हनं वाकून पट्टा ओढला आणि लावला, या खेपेला थोडा सैल.