सासऱ्यांची कानस

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. तुमच्या विश्वासाचं मला काही लोणचं घालायचं नाही.

या पेजवरच्या गोष्टी मी वाचतो. पांढरे कपडे, उलटे पाय, ओसाड रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई. सगळा फालतूपणा. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही.

गेल्या वर्षी, थंडी पडायच्या आधीचा मंगळवार. दुपारचे सव्वातीन. ठिकाण, माझ्या सासुरवाडीचं मागचं आवार.

लख्ख ऊन होतं.

मी चेनसॉ दुरुस्त करतो, झाडं पाडतो आणि जळणाचं लाकूड फोडून विकतो. वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत मशीन नीट वापरणारी माणसं मला चार भेटली असतील. बाकी सगळा आनंद. एक जण आला, म्हणे मशीन बिघडलंय, नुसता धूर येतो. बघतो तर चेन उलटी बसवलेली. दात मागच्या बाजूला. पठ्ठ्यानं अर्धा दिवस तसंच लाकूड घासलं होतं. असल्या लोकांना मतदानाचा हक्क आहे.

मला हे काम सासऱ्यांनी शिकवलं.

त्यांची धार लावायची पद्धत ठरलेली. गोल कानस घ्यायची. चेनच्या प्रत्येक दाताला तीनदा घासायची. मग लोखंडाचा कीस झडावा म्हणून कानस टेबलावर एकदा आपटायची.

खर्र. खर्र. खर्र. टक.

दिवसभर शेडमधून हाच आवाज.

पण त्यांचा डावा हात कमजोर होता. चेनला एक दात डावीकडचा, एक उजवीकडचा, असे आलटूनपालटून असतात. त्यांच्या हातून एका बाजूच्या दातांना धार जास्त लागायची, आणि मग करवत त्या बाजूला ओढायची. त्यांनी कापलेला ओंडका फोडायला उभा करावा, तर दारुड्यासारखा कलंडायचा.

मी हसायचो. तोंडावर.

ते म्हणायचे, "जावईबापू, माझी करवत वाकडी जाते. पण कुठं जाते ते मला ठाऊक असतं."

पुढं त्यांचा उजवा हातही थरथरायला लागला. एकदा दोन गिऱ्हाइकांच्या समोर मी त्यांच्या हातातून कानस काढून घेतली. म्हणालो, "मामा, बास झालं. उगाच लोकांची मशीनं नासवू नका." आणि ती कानस भंगाराच्या डब्यात टाकली.

त्यांनी चष्मा पुसला आणि घरात गेले.

आठ महिन्यांनी वारले. त्या आठ महिन्यांत त्यांनी शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही. मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही वाटलं. आता खोटं कशाला बोलू.

ते जाऊन दीड वर्ष झालं आणि आवारातलं मोठं झाड वाळलं. ते पाडणं भाग होतं, नाहीतर वाऱ्यानं एक दिवस स्वयंपाकघरावर आलं असतं. एका बाजूला घर, मागं माझी शेड, समोर मोकळी जागा. समोर पाडायचं. सोपं काम.

अडचण एकच होती. सासूबाई.

त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. दारावरची बेल नाही, हॉर्न नाही, चेनसॉसुद्धा नाही. आणि मनात आलं की आवारात फिरत बसतात. झाड पाडताना त्या समोर आल्या तर ओरडून काहीही उपयोग नव्हता. म्हणून त्यांना घरात बसवणं सगळ्यांत महत्त्वाचं. ते काम मी मेहुण्याला दिलं. आम्ही त्याला साहेब म्हणतो. ऑफिसात बसतो, आणि बसतो याखेरीज तिथं काय करतो ते कुणालाच सांगता येत नाही.

रविवारी जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या...

"कानस चालू आहे वाटतं. हाक मार गं त्यांना, जेवण गार होतंय."

माझी बायको खाली बघायला लागली. मी म्हणालो, "आई, कानाचं मशीन लावत जा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बहिरा मीच आहे.

सोमवारी सकाळी शेड उघडली. आदल्या संध्याकाळी मी टेबल झाडून पुसून ठेवलं होतं. रोज ठेवतो. मी काही साहेब नाही.

टेबलावर... लोखंडाचा कीस होता.

चिमूटभर. ताजा, चकचकीत.

मी साहेबाला धरलं. तो म्हणाला, "भावोजी, मला कानस कुठल्या टोकाला धरतात तेही माहीत नाही." हे मात्र पटण्यासारखं होतं.

मशीन चालू केलं आणि एका ओंडक्याची चकती कापून पाहिली.

वाकडी.

मी धार लावलेली चेन वाकडी जात नाही. ही बढाई नाही, लोक गावाबाहेरून येतात माझ्याकडे. पुन्हा धार लावली. दात मोजपट्टीनं तपासले. कापलं. वाकडी. चेन ज्या पट्टीवर फिरते तिची कड झिजली तरी करवत ओढते, म्हणून ती पट्टी नवी घातली. वाकडी. शेवटी पाकिटातली कोरी चेन काढली. तिला अजून कुणाची कानस लागलीच नव्हती.

तीही वाकडी गेली. त्याच बाजूला. तितकीच.

शहाण्या माणसानं काम पुढं ढकललं असतं. पण सासुरवाडीत मी सगळ्यांसमोर सांगून बसलो होतो, मंगळवारी पाडतो. साहेबाच्या तोंडावरचं ते गोड हसू बघायची माझी तयारी नव्हती.

मंगळवारी झाडाला दोर बांधला. दोराचं टोक घराच्या कोपऱ्यावरच्या खांबाला वळसा घालून साहेबाच्या हातात दिलं. तिथून त्याला झाड दिसत नव्हतं, पण तो सुरक्षित होता. दिसून तरी त्यानं काय दिवे लावले असते?

"आई कुठं आहेत?"

"स्वयंपाकघरात. दाराला बाहेरून कडी घातलीय मी."

मी स्वतः जाऊन बघायला हवं होतं. वीस पावलं. गेलो नाही.

समोरच्या बाजूला खाच घेतली. मग मागं येऊन, मशीन आडवं धरून मुख्य काप सुरू केला. झाडाच्या मागं उभं राहिलं की समोरचं काही दिसत नाही. बुंधा केवढा तरी होता. कानावर आवाज अडवणारं जाड झाकण. मशीनची घरघरसुद्धा लांबून आल्यासारखी.

आणि त्या झाकणाच्या आत...

खर्र. खर्र. खर्र.

टक.

मी मशीन थांबवलं. झाकण काढलं. सगळं शांत. पाखरूसुद्धा नव्हतं.

पुन्हा घातलं. पुन्हा तेच. एकेक दात, घाई नाही, जणू कुणी माझ्या कानाशी बसून धार लावतंय.

मी घाबरलो, सरळ सांगतो. आणि घाबरलो म्हणून चिडलो. आणि चिडून मशीन बुंध्यात रेटलं.

उभी धरून ओंडका कापताना जी करवत बाजूला ओढते, ती आडवी धरली की खाली जाते. काप खाली निघाला. मला दिसत होतं. काप खाचेच्या खाली गेला की झाड पुढं झुकत नाही, मागं बसतं, आणि मग ते कुणाचं ऐकत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. तरी मी रेटत राहिलो. पाचर ठोकली. साहेबाला ओरडलो, ओढ.

झाड हललं.

पुढं नाही... माझ्याकडे.

मशीन तिथंच अडकलं. ते सोडून मी बाजूला उडी मारली. दोर साहेबाच्या हातातून सुटला. अख्खं झाड मागं आलं आणि माझ्या शेडवर पडलं. पत्रे, टेबल, दुरुस्तीला आलेली तीन मशीनं, सगळं सपाट. वीस वर्षांची माझी ऐट त्याच्याखाली.

धूळ खाली बसायला वेळ लागला.

मग मला समोरचं दिसलं.

मोकळ्या जागेच्या अगदी मध्ये... सासूबाई उभ्या होत्या.

जिथं मी झाड पाडणार होतो तिथं. तसूभरही इकडे तिकडे नाही. हात बांधून, शांत. माझा काप सरळ गेला असता, तर आज मला त्या घरात तोंड दाखवता आलं नसतं.

कसाबसा त्यांच्यापर्यंत गेलो, खांद्याला धरून कानाशी ओरडलो, "आई, इथं कशाला आलात तुम्ही?"

"ओरडतोस काय," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, इथंच उभी राहा. इथं काही पडत नाही."

साहेब कोपऱ्यावरून धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक. तो आईकडे बघत नव्हता, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता.

कडी बाहेरून लावलेलीच होती.

त्या घराला दुसरं दार पुढच्या अंगाला आहे. तिथं माझी बायको बसली होती. तिच्या समोरून कुणी गेलं नाही. ती खोटं बोलत नाही, निदान माझ्या बाजूनं तरी कधीच बोलत नाही.

लोक म्हणतात, सासऱ्यांनी बायकोचा जीव वाचवला. कसले वाचवतात? तिला तिथं आणून उभं कुणी केलं? वाचवायचं असतं तर घरातच बसू दिलं असतं. मला विचाराल तर त्यांनी मला माझी जागा दाखवली. साठ वर्षांच्या संसारातली बायको त्यांनी स्वतःच्या कानशीच्या भरवशावर झाडासमोर उभी केली. एवढी खात्री होती त्यांना. त्यांच्या वाकड्या करवतीला मी हसायचो, त्याला त्यांनी गेल्यावर दीड वर्षानं दिलेलं हे उत्तर होतं.

आणि मी कानस हिसकावली, ती असल्या माणसाच्या हातातून.

शेड पुन्हा बांधली. मामांसाठी एक नवी कानस आणली, खिळ्याला टांगली, तिला मी हात लावत नाही. करवत वर्षभर वाकडीच जात होती. मीही शिकलो. किती ओढते ते ओळखून नेम धरायचा. झाडं बरोबर पडत होती. आधीपेक्षा बरोबर. सासूबाई जेवताना विचारायच्या, आज कानस लवकर बंद झाली का रे? मी त्यांच्या कानाशी सांगायचो, नाही आई, चालू आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे.

उद्या मला शाळेच्या भिंतीलगतचं झाड पाडायचंय. भिंतीपलीकडे वर्ग आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, सुट्टी द्यायची गरज नाही ना? मी म्हणालो, नाही. वीस वर्षं करतोय हे काम.

आज दुपारी जेवताना सासूबाईंनी कानशीचं विचारलं नाही. मग ताट सरकवून म्हणाल्या...

"सकाळपासून आवाज नाही. हे गेले कुठं?"

मी शेडमध्ये जाऊन एक चकती कापली. मग आणखी एक. मग सहा.

सगळ्या सरळ.

आता रात्र झालीय. मुख्याध्यापकांना फोन करून सुट्टी द्या म्हणावं, तर कारण काय सांगू? ते हसतील. मीही हसलो असतो.

करवत सरळ जातेय. पण कुठं जाते ते मला ठाऊक नाही.