पुढे गेलेला सर्व्हर

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, जुळ्या सर्व्हरची खोली होती. वर मुख्य सर्व्हरवर जे जे नोंदलं जाई, म्हणजे कोण दाखल झालं, कुणाला कोणतं रक्त चढवलं, कुठल्या दारातून कोण गेलं, ते आधी एका लॉग फाइलमध्ये उतरे. दर तीन मिनिटांनी अशी एक फाइल खाली येई. जुळा ती वाचून तंतोतंत तीच नोंद स्वतःकडे करी. वाचून झालेल्या फाइली मात्र आपणहून जात नसत. साचत. त्या उपसायचं काम तिचं. सगळे तिला ताई म्हणत. "मी या दवाखान्याची केर काढणारी सून," ती हसून सांगायची.

त्या सकाळी डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली होती. गच्च भरली, की मुख्य सर्व्हरही हात आखडणार आणि ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाचा रक्तगटसुद्धा कुणाला दिसणार नाही. सव्वादहाला कार्ड लावून ती घाईने आत शिरली. दार मागे लागलं.

पुसण्याआधी तिने नेहमीप्रमाणे जुळ्याला विचारलं, कुठवर वाचलंस?

४८२१२.

मुख्य सर्व्हरला विचारलं, कुठवर लिहिलंस?

४८२००.

तिने चष्मा पुसला. अजून न लिहिलेल्या बारा फाइली याने वाचल्या कशा? शेवटची फाइल तिने उघडली. नोंदी व्यवस्थित होत्या, फक्त वेळा अकराच्या आसपासच्या. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. एकेक फाइल मागे जाता जाता तिला स्वतःचं नाव दिसलं.

सर्व्हर खोली. ताईचं कार्ड. बाहेर, १०.३४.

"चला, लवकर सुटका," ती मोठ्याने म्हणाली.

दहा चौतीसला दाराजवळची कार्ड वाचणारी पेटी टिणकन वाजली. हिरवा दिवा लागला. दार वीतभर उघडलं आणि कुणीतरी बाहेरून हलकेच ओढून घ्यावं तसं मिटलं. तिचं कार्ड तिच्या गळ्यातच होतं.

तिने धावत जाऊन ते लावलं. लाल दिवा. पुन्हा लाल. नोंदीप्रमाणे ती बाहेर पडलेली होती, आणि बाहेरच्या माणसाला आतून दार उघडत नाही.

भिंतीवरच्या फोनवरून तिने पहारेकऱ्याला गाठलं.

"काका, मी सर्व्हर खोलीत अडकलेय."

"ताई? ताई तर आत्ताच जिन्याने वर गेल्या. मी हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही."

"अहो, मीच बोलतेय!"

"आवाज येत नाहीये हो." फोन बंद झाला.

पडद्यावर फाइलींची यादी वरून घटायला लागली होती. कुणीतरी तिच्याच नावाने लॉग-इन करून फाइली पुसत होतं. जुनी आधी, मग पुढची. तिच्यासारखंच, न चुकता.

सव्वादहाची फाइल, ती आत आल्याची, वाचवायला तिने बोट पुढे केलं. तेवढ्यात ती गेली.

तिने वर माईला फोन लावला. दोघींची टेबलं शेजारी होती.

"माई, खाली ये गं. दार उघड."

पलीकडे कळफलकाची टकटक चालू होती.

"कोण हवंय आपल्याला?" माईने परक्यासारखं विचारलं.

टकटक थांबली. माईच्या शेजारून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, "कुणाचा आहे गं?"

"कुणाचाच नाही," माई म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.