चीनचा पेपर

मला विचाराल तर परीक्षेची सुपरव्हिजन म्हणजे पाय मोडून घ्यायचा धंदा. तीन तास बाकांमधून फिरायचं आणि कुणी कॉपी करत नाही ना बघायचं. पंचवीस वर्षं नारायणगावच्या कॉलेजात इतिहास शिकवून मी पार विटलोय राव. पण यंदाच्या, दोन हजार एकच्या एप्रिलातला तो दिवस काही डोक्यातून जात नाही.

सोमाजी आमचे बाहेरून बी.ए. करणारे विद्यार्थी. वय पन्नाशीचं, डोंगराकडच्या गावात भातशेती. बापाला मरताना शब्द दिला होता, बी.ए. होईन म्हणून. अकरा वर्षं झाली, इतिहास आणि इंग्रजी काही सुटेना. परीक्षेआधी आठवडाभर माझ्याकडे येऊन इतिहासाच्या पेपरातला चीन समजून घ्यायचे. तिथं राजेशाहीत पोरगा दरबारी नोकरीची परीक्षा पास झाला की मेलेल्या वाडवडिलांनाही मान मिळायचा, हे त्यांना लई आवडायचं.

त्याच नादात मी सांगून बसलो, की तिथं परीक्षेला बसणाऱ्यांना तीन-तीन दिवस कोठडीत ठेवायचे. मुदतीआधी फाटक उघडायचं नाही. आत कुणी मेलाच, तर चटईत गुंडाळून भिंतीवरून बाहेर टाकायचे.

सोमाजींनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "मंग सर... त्यानं लिव्हलेला पेपर तपासत्यात का?"

मला झोप येत होती. "तपासत असतील की," म्हटलं आणि विषय मिटवला.

पेपरच्या दिवशी अकराच्या ठोक्याला सोमाजी शेवटच्या बाकावर हजर. एरवी लांबूनच रामराम घालणारा माणूस, त्या दिवशी मान वर करेना. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या बाकाजवळ ओल्या चटईचा वास. सही घेताना बोटं लागली, गार होती... नुसता हात वर करून त्यांनी तीन पुरवण्या मागून घेतल्या. दोनची घंटा झाली. पेपर गोळा करत मी मागे पोचलो, तर बाक रिकामा. उत्तरपत्रिका दोऱ्याने नीट बांधून ठेवलेली. दारातून कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

फाटकाशी त्यांचा धाकटा भाऊ बहिरू उभा होता. डोळे सुजलेले.

"सर, दादा पहाटं गेला. दवाखान्यातनं चटईत गुंडाळूनच आणला. वहिनी म्हनली, सर वाट बघत्याल, सांगून ये."

गठ्ठा माझ्या हातात होता. त्यातली सोमाजींची उत्तरपत्रिका काढून टाकावी, असं एकदा मनात आलं. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त कीव आली. अकरा वर्षं हो! मी गठ्ठा तसाच सील केला.

जुलैत निकाल लागला. इतिहासात एक्केचाळीस, पास. गुणपत्रिका मी स्वतः नेऊन त्यांच्या बायकोला, साळुबाईंना दिली. त्यांनी ती सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवली. सुटले बिचारे, असं मला वाटलं.

काल ऑक्टोबरच्या परीक्षेचे अर्ज सहीला आले. सगळ्यात खाली सोमाजींचा, त्यांच्याच अक्षरात भरलेला. विषय एकच, इंग्रजी. कागद दमट होता... मी सही केली. काय करता! माझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत, आणि इंग्रजी त्यांचं ह्या खेपेला सुटेल, असं काही मला वाटत नाही.